तळ्याचे पाणी मोजा आणि वहीत लिहा

(जिल्हा मेळाव्यात पाणी तपासणी गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात उसाच्या भावाची, विजेच्या बिलाची आणि पाण्याच्या आवर्तनाची चर्चा चालू आहे. आम्हाला जेवणाआधीची वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे तळ्याच्या पाण्याच्या तपासणीचा. म्हणजे पोटात भूक आणि समोर रसायनशास्त्र. कोणी तंबाखू मळायला बाहेर गेले तरी आमची तक्रार नाही. फक्त परत या. शेवटी एक हिशेब मांडायचा आहे आणि तो तुमच्या रानाचा आहे.

आम्ही म्हणजे कोणी शास्त्रज्ञ नाही. उजनीच्या फुगवट्याच्या काठावरचे काही शेतकरी, दोघे भोई आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, एवढाच आमचा गट. पाण्याला वास येतो, पाणी हिरवे दिसते, अंगाला खाज सुटते, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत होतो. साहेब लोक ऐकून घेत आणि विचारत, "आकडा काय?" आमच्याकडे आकडा नव्हता. म्हणून आम्ही शिकायला लागलो.

पाणी येते कुठून

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत त्याचे पाणी पसरते. साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. आता वरून काय येते ते पाहा. पवना मुळेला मिळते, मुळा आणि मुठा पुण्यात एक होतात, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि मुळा-मुठा खाली रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांच्या नद्या शेवटी आपल्या तळ्यात रिकाम्या होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यात महाराष्ट्रातले ५३ पट्टे होते, आणि मुळा, मुठा, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा ही सगळी नावे त्यात होती.

नदी वाहते, तिची घाण पुढे जाते. तळे साठवते. पाणी कालव्यातून जाते, उन्हाने उडते, पण बराच गाळ आणि त्यात बसलेले खत तळाशी राहते. म्हणून नदीपेक्षा तळ्याची तपासणी जास्त नेटाने करावी लागते.

पहाटेचे मासे आणि दुपारचा नमुना

एक प्रसंग सांगतो. ज्येष्ठाचा महिना, दोन-तीन दिवस मळभ, वारा पडलेला. पहाटे आमच्यातले भोई जाळे काढायला गेले तर काठाला मासे पांढरे पोट वर करून पडलेले. रोहू आणि कटला आधी मेला. चिलापी चिवट, ती पाण्यावर येऊन तोंड उघडत होती. आम्ही फोन केले. सरकारी माणूस आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, ढग फाटून ऊन पडले होते. त्याने काठावरूनच बाटली भरून नेली. पंधरा दिवसांनी कागद आला. पाण्यात प्राणवायू भरपूर, पाणी समाधानकारक.

आम्ही चिडलो. हा माणूस खोटे बोलतो, पैसे खाल्ले असतील, असे म्हणालो. मास्तरांनी आम्हाला थांबवले. ते म्हणाले, आकडा खरा असेल, वेळ चुकली आहे.

हिरव्या पाण्यात शेवाळ असते. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, त्यामुळे दुपारी पाण्यात प्राणवायू चढतो. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ, सगळे मिळून तो खातात. सर्वांत कमी प्राणवायू पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. मळभ असले तर दिवसाची कमाई कमी आणि रात्रीचा खर्च तेवढाच. मासे मेले ते पहाटेच्या पाण्यात आणि कागद आला तो दुपारच्या पाण्याचा. माणूस प्रामाणिक होता, तपासणीही बरोबर होती, तरी तिचा निष्कर्ष आमच्या काही कामाचा नव्हता. भोयांचे नुकसान मात्र खरे होते आणि त्याची भरपाई त्या कागदामुळे अडली.

त्या दिवसापासून आमच्या वहीत पहिला रकाना वेळेचा आहे.

डोळ्याने, नाकाने आणि दोरीने

तपासणीचे दोन भाग आहेत, भौतिक आणि रासायनिक. भौतिक म्हणजे ज्याला औषध लागत नाही. रंग, वास, तापमान, गढूळपणा. हे कोणीही करू शकतो.

तापमान आधी लिहायचे, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. म्हणून साडेसाताचा आकडा उन्हाळ्यात पूर्ण भरलेला आणि हिवाळ्यात कमी असतो. तापमान न लिहिता नुसता प्राणवायू लिहिला तर तो आकडा अर्धवट.

गढूळपणा मोजायला पत्र्याची २० सेंटीमीटर व्यासाची तबकडी करा. चार भाग पाडा, दोन काळे, दोन पांढरे रंगवा. मध्ये भोक पाडून खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी बांधा. होडीच्या सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली ते अंतर लिहा, वर ओढताना पुन्हा दिसली ते अंतर लिहा, दोन्हींची सरासरी काढा. इटलीतल्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली ही युक्ती काढली, काळे-पांढरे भाग नंतर आले. आजही जगभरचे तज्ज्ञ तीच तबकडी वापरतात. आमची तबकडी डब्याच्या झाकणाची आहे. महिन्यामागून महिने तबकडी कमी खोलीवर दिसेनाशी होत असेल, तर समजा शेवाळ तरी वाढते आहे किंवा माती तरी येते आहे. हिरवे असेल तर शेवाळ, तांबूस असेल तर माती.

तिसरी गोष्ट विद्युत वाहकता. शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही, क्षार विरघळले की जाते. जितके क्षार जास्त तितकी वाहकता जास्त. पेनाएवढे मीटर बाजारात मिळते, चिमूटभर खर्चाचे. फक्त ते माहीत असलेल्या द्रावणात बुडवून अधूनमधून तपासून घ्यावे लागते, तराजू तपासतो तसे.

औषधाच्या तपासण्या

सामू तुम्हाला माती परीक्षणाच्या कार्डावरून माहीत आहे. ७ म्हणजे ना आंबट ना विम्ल. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात ६.५ ते ८.५ ही मर्यादा आहे. हिरव्या तळ्यात दुपारी सामू चढतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. म्हणजे इथेही वेळ आलीच.

विरघळलेल्या प्राणवायूची तपासणी विंक्लर नावाच्या हंगेरीच्या माणसाने १८८८ साली बसवली. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न ठेवता भरायची. त्यात आधी मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइड मिसळलेला अल्कली टाकायचा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. मेलेल्या तळ्याचे पाणी पांढरा साका देते, ते पाहिले की आकड्याची गरजच उरत नाही. पुढे सल्फ्युरिक आम्ल टाकून साका विरघळवायचा, त्यातले २०० मिलिलिटर घेऊन थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचे, शेवटी स्टार्च टाकायचा. निळा रंग गेला की थांबायचे. थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल असेल तर लागलेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे एका लिटरात १ मिलिग्रॅम प्राणवायू. माशांसाठी तो ४ किंवा जास्त हवा, असे केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत आहे.

बीओडी म्हणजे जीवजंतूंना घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो ते. आपल्याकडे बाटली २७ अंशाला ३ दिवस अंधारात ठेवून आधीचा आणि नंतरचा प्राणवायू मोजतात. आंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ पेक्षा जास्त नको. सांडपाणी आले की नाही हे सांगणारा हा सर्वांत बोलका आकडा. पण हे काम प्रयोगशाळेचे, आम्ही ते घरी करत नाही.

क्लोराइड शाळेतही मोजता येते. पोटॅशियम क्रोमेट टाकून सिल्व्हर नायट्रेट सोडायचे, विटेसारखा तांबडा रंग आला की थांबायचे. जडपणाला ईडीटीए वापरतात, लालसर पाणी निळे होते. नायट्रेट पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर तान्ह्या मुलांच्या रक्तातला प्राणवायू घटतो, मूल निळे पडते. फॉस्फरस तर नखाएवढा पुरतो. लिटरला ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर सरासरी गेली की तळे खताने माजले असे धरतात. उजनीत जलपर्णी आणि हिरवा तवंग माजतो तो या खतावर.

इथे एक कडू गोष्ट सांगतो. नायट्रेट आणि फॉस्फरस शहरातूनच येते असे नाही. वळवाचा पाऊस आदल्या दिवशी टाकलेला युरिया घेऊन ओढ्यात जातो, तो आपल्याच बांधावरून जातो. १८:४६ मातीबरोबर वाहते. सांडपाण्याचा वाटा किती आणि आपला किती, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून आम्ही नमुना दोन ठिकाणी घेतो, नदी तळ्यात शिरते तिथे आणि आमच्या शिवारातला ओढा तळ्याला मिळतो तिथे. शहराकडे बोट दाखवायचे असेल तर आधी आपल्या ओढ्याचा आकडा हातात हवा.

चांगले, पण कशासाठी?

पाणी चांगले की वाईट, असे सगळे विचारतात. हा प्रश्नच अर्धा आहे. प्यायला, आंघोळीला, माशांना की पिकाला? केंद्रीय मंडळाने पाण्याचे अ ते इ असे पाच वर्ग केले आहेत. शेतीचा वर्ग शेवटचा. त्यात सामू ६ ते ८.५, वाहकता २२५० पर्यंत, सोडियमचे गुणोत्तर म्हणजे एसएआर २६ पर्यंत आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालते. प्राणवायूची अट नाही, बीओडीची नाही. म्हणजे ज्या पाण्यात मासा मरतो ते पाणी कागदावर उसाला चालते.

शिवाय तक्त्यात बसलेले पाणी आपल्या रानात बसेलच असे नाही. एसएआर १० च्या वर गेला की चिकणमातीच्या जमिनीला धोका सुरू होतो, असे अमेरिकेच्या शेती खात्याच्या १९५४ च्या जुन्या वर्गवारीतही आहे. सोडियम मातीचे कण सुटे करतो, ते भोकांत बसतात, पाणी मुरत नाही, ओली जमीन चिखल आणि सुकली की दगड. हीच चोपण. त्यासोबत शेष सोडियम कार्बोनेटही पाहायचे. ते १.२५ च्या आत असेल तर निर्धास्त, २.५ च्या वर असेल तर ते पाणी रानाला देऊ नये, मधले असेल तर जिप्सम आणि निचरा यांचा विचार करावा. प्रयोगशाळेत नमुना देताना 'शेतीसाठी' असे लिहून हे दोन्ही आकडे मागून घ्या. मागितले नाहीत तर पिण्याच्या पाण्याचा कागद हातात येतो.

आता तो हिशेब. समजा पाण्याची वाहकता १००० आहे. म्हणजे २२५० च्या निम्म्याहूनही कमी, कागदावर उत्तम. वाहकतेला ०.६४ ने गुणले की लिटरमधले क्षार मिलिग्रॅममध्ये येतात, म्हणजे ६४० मिलिग्रॅम. मोकाट पाण्याने उसाला वर्षाकाठी दोन मीटर पाणी दिले तर एकरी सुमारे ८० लाख लिटर होते. ८० लाखांना ६४० मिलिग्रॅमने गुणा. ५१२० किलो. पाच टन. पन्नास किलोची शंभर पोती क्षार आपण एका एकरात दर वर्षी स्वतःच्या मोटरीने, स्वतःच्या विजेच्या बिलावर, ओततो आहोत.

ते सगळे साठत नाही. काही पावसाने खाली जाते, काही चुना होऊन बसते. पण जाण्यासाठी निचरा लागतो. आपल्या काळ्या रानाला निचरा कुठे आहे? ज्यांच्या सरीच्या माथ्यावर मीठ फुटले आहे त्यांनी उत्तर आधीच पाहिले आहे. ठिबकने पाणी निम्मे केले तर पोतीही निम्मी होतात. ठिबकची एवढी जाहिरात झाली, पण हा फायदा आम्हाला कोणी सांगितला नव्हता.

एका आकड्याने काही होत नाही

दर तळ्याचा स्वभाव वेगळा असतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर घ्या. त्याचा सामू १० च्या आसपास. हा आकडा उजनीत आला तर हाहाकार करावा लागेल, लोणारला तो जन्मापासूनचा. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तर पाणी आटून खारेपणा वाढल्यावर फोफावणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव निघाले. बदल का झाला हे सांगायला आधीचे आकडे लागतात. आपल्या तळ्याचे नेहमीचे आकडे ठाऊक नसतील तर बिघडलेला आकडा ओळखणार कसा?

म्हणून ठिकाण तेच, वेळ तीच, पद्धत तीच, आणि दर महिन्याला. नमुना काठावरून घेऊ नका, होडीतून किंवा पुलावरून घ्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. तोंड खाली करून हातभर खोल न्या आणि तिथे फिरवून काठोकाठ भरा. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ, तापमान आणि घेणाऱ्याची सही. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. प्राणवायू मात्र जागेवरच बांधून टाकायचा, म्हणजे ती दोन औषधे होडीतच बाटलीत घालायची. वाटेत पाणी बदलते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून दोन दिवस मोटरसायकलच्या डिकीत फिरवलेला नमुना कोणत्याच कामाचा नाही. आमचे पहिले तीन नमुने असेच वाया गेले.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपली बाटली कोर्टात पुरावा होत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे सांडपाण्याचा नमुना घेताना नोटीस द्यावी लागते, नमुन्याचे दोन भाग करून सील करावे लागतात, दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. तो अधिकार मंडळाच्या माणसाचा. मग आपल्या वहीचा उपयोग काय? उपयोग हा की त्याला कुठे, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता यायचे हे आपण सांगू शकतो. बारा महिन्यांची वही समोर ठेवून "पहाटे पाचला या" म्हणणाऱ्या गावाला टाळणे अवघड जाते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे नमुने नेमाने घेते, ते आकडे खुले आहेत. नसतील मिळत तर २००५ च्या माहिती अधिकारात १० रुपयांत मागता येतात. त्यांचे आकडे आणि आपले आकडे शेजारी मांडा. जुळले तर बळ वाढले. नाही जुळले तर विचारायला प्रश्न मिळाला.

मायबहिणींना एक विनंती. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासणीच्या पेटीचे शिक्षण द्यायचे ठरले आहे. तुमच्या गावात ती पेटी कुठे आहे? बहुतेक ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल. ती काढायला लावा. त्या पेटीतल्या औषधांना मुदत असते, ती संपलेली असेल तर नवी मागा. घरात पाणी भरणारी बाईच पाण्याचा बदल सर्वांत आधी ओळखते. तिच्या हातात आकडा आला तर तिचे म्हणणे कोणी उडवून लावणार नाही.

आम्ही आणखी काही मागत नाही. प्रत्येक तळ्याच्या काठच्या गावाने एक दोनशे पानी वही घ्यावी. रकाने पाडावेत तारीख, वेळ, ठिकाण, तापमान, तबकडी, वाहकता, सामू, प्राणवायू, वास आणि सही. आकडा चांगला आला तरी लिहावा, आपल्या विरुद्ध गेला तरी लिहावा. खोडाखोड करू नये. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही पिशवीत घालून आणावी. शेजारी शेजारी ठेवून वाचू, म्हणजे वरचे तळे खालच्या तळ्याला काय पाठवते ते कळेल.

गेल्या वर्षी आम्ही फक्त वास सांगायला आलो होतो. या वर्षी वही आणली आहे. ती मांडवाच्या दारात टेबलावर आहे, जेवणानंतर जरूर पाहा. चुका सापडल्या तर सांगा, दुरुस्त करू.